खुला शेवट की पुढच्या भागाची जाहिरात?

दीर्घिका

आर्थर सी. क्लार्क यांची ‘रांदेव्हू विथ रामा’ ही १९७३ सालची कादंबरी नुकतीच वाचून संपवली आणि तिच्या शेवटाने मला बुचकळ्यात टाकले आहे. (पुढे अनेक कादंबऱ्यांचे शेवट उघड होणार, हे अटळ आहे; ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावे.) सुमारे ५० किलोमीटर लांबीचे एक पोकळ, स्वतःभोवती फिरणारे, नळकांड्याच्या आकाराचे यान सूर्यमालेत शिरते. कमांडर नॉर्टन आणि त्याचे सहकारी त्यात उतरतात, आतला गोठलेला समुद्र वितळताना पाहतात, दारे नसलेल्या इमारतींची शहरे आणि नेमून दिलेले काम उरकून पुन्हा समुद्रात जाणारे यांत्रिक जीव पाहतात. निघण्याआधी एका इमारतीला भोक पाडून आत शिरल्यावर त्यांना असंख्य वस्तूंच्या प्रतिमांचे भांडार सापडते आणि त्यात तीन हातांच्या प्राण्यासाठी शिवल्यासारखा दिसणारा एक पोशाख असतो. निर्मात्यांबद्दल जे काही कळते ते एवढेच. यान सूर्याजवळ जाऊन ऊर्जा भरून घेते आणि माणसांची दखलही न घेता मोठ्या मॅजेलन मेघाच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेच्या, दिशेने निघून जाते. अगदी शेवटच्या ओळीत एका शास्त्रज्ञाला झोपेतून जाग येते आणि त्याच्या मनात येते की, रामाचे निर्माते प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा करतात. संपली कादंबरी.

आता ही ओळ वाचून मी दोन तऱ्हांनी विचार करते आहे. कधी वाटते की, विश्व आपल्यासाठी रचलेले नाही आणि आपल्याला सगळे कळलेच पाहिजे असा आपला हक्कही नाही, हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता. कधी वाटते की, ही चक्क पुढच्या भागांची जाहिरात आहे. आणखी दोन याने येणार आहेत, तेव्हा आणखी दोन पुस्तके तयार ठेवा. पुढचे भाग खरोखरच निघालेले असल्यामुळे हा दुसरा संशय बळावतो.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते की, एखाद्या विज्ञान कादंबरीचा शेवट जाणीवपूर्वक खुला ठेवला आहे की लेखकाने काम अर्धवट टाकले आहे, हे वाचकाने ओळखावे कसे? आणि ज्या कादंबरीचा खुला शेवट आपल्याला आवडला आहे तिचे उत्तरभाग वाचावेत की त्यांच्यापासून लांब राहावे?

त्रयस्थ

आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. ती पुढच्या भागाची तरतूद म्हणून लिहिलेली नव्हती, असे खुद्द क्लार्क यांनीच नंतर सांगितले आहे. संहितेवर अखेरचा हात फिरवताना ती सुचली आणि त्या जागी बरोबर वाटली, म्हणून ठेवली गेली. ‘रामा टू’ आले ते १९८९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, आणि तेही जेन्ट्री ली या सहलेखकाबरोबर. त्यानंतरचे दोन भाग १९९१ आणि १९९३ साली निघाले. जाहिरातच करायची असती तर माल बाजारात यायला सोळा वर्षे लागली नसती. अर्थात लेखकाचा हेतू काय होता, हे कळल्याने तुमचा मुख्य प्रश्न सुटत नाही, कारण लेखकाचे मनोगत प्रत्येक कादंबरीबरोबर छापलेले नसते आणि असले तरी ते प्रमाण मानण्याचे बंधन वाचकावर नसते.

माझ्यापुरती कसोटी अशी आहे. कादंबरीने विश्वापुढे कोणते कोडे टाकले आहे, ते बाजूला ठेवावे आणि पात्रांपुढे कोणता पेच टाकला आहे, ते पाहावे. पेच निर्णयाने सुटतो, कोडे माहितीने सुटते. निर्णय झालेला असेल आणि फक्त माहिती अपुरी असेल, तर कादंबरी पूर्ण झालेली असते, मग तिच्यात कितीही रहस्ये शिल्लक राहोत. निर्णयच पुढच्या खंडावर ढकललेला असेल, तर मात्र हातात आहे ते अर्धे पुस्तक, मग त्यातली एक-दोन रहस्ये उलगडलेली का असेनात.

‘रामा’ला ही कसोटी लावून पाहू. बुधावर वस्ती करून राहिलेली माणसे घाबरून रामाच्या दिशेने बॉम्ब पाठवतात. तो निकामी करायचा की नाही, हे नॉर्टनला ठरवायचे असते आणि वरिष्ठांना विचारत बसायला वेळ नसतो. रामा निरुपद्रवी आहे याचा कोणताही पुरावा त्याच्याकडे नाही. उद्या यानाने पृथ्वीचे नुकसान केले तर इतिहास त्याला क्षमा करणार नाही. तरीही तो आपल्या एका अधिकाऱ्याला जाऊन बॉम्ब निकामी करण्याची परवानगी देतो. बलाढ्य, अनोळखी आणि आपल्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पाहुण्याशी माणूस कसा वागेल, हा या कादंबरीचा पेच आहे आणि तो तिथे मिटतो. त्यानंतर यान निघून जाते ते उत्तर न देता, पण कथा पूर्ण करून.

याच कसोटीचे सर्वांत कठोर उदाहरण मला अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंच्या १९७२ सालच्या ‘रोडसाइड पिकनिक’मध्ये दिसते. परग्रहवासी येऊन गेले, मागे काही निषिद्ध प्रदेश आणि न समजणाऱ्या वस्तू टाकून गेले, आणि त्या वस्तू चोरून आणून विकणारे लोक तयार झाले. त्यांपैकी रेड्रिक शुखार्त हा मनातली इच्छा पुरी करणाऱ्या सुवर्णगोलाकडे निघतो. गोलाच्या वाटेवर एक अदृश्य सापळा आहे आणि तो एका माणसाचा बळी घेतल्याखेरीज दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही. हे पुरते ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, रेड्रिक आर्थर नावाच्या कोवळ्या मुलाला सोबत घेऊन आलेला असतो. गोल दिसताच आर्थर सगळ्यांना सुख मिळो असे ओरडत पुढे धावतो आणि मरतो. वाट मोकळी होते. आता रेड्रिकने इच्छा मागायची, तर त्याच्या ध्यानात येते की, उभ्या आयुष्यात आपण स्वतःचा असा एकही विचार केलेला नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे ते सांगायला आपल्याकडे शब्दच नाहीत. शेवटी तो त्याच मुलाचे शब्द उच्चारतो, ज्याला त्याने मरायला आणले होते. कादंबरी तिथेच थांबते. इच्छा पुरी झाली का? गोलात खरोखर काही शक्ती होती का? परग्रहवासी कोण होते? काहीही कळत नाही. पण पुढे आणखी एक पान असते आणि त्यात जगभर सुख पसरले असे किंवा काहीच घडले नाही असे लिहिलेले असते, तर त्या माणसाबद्दल आपल्याला काय नवे कळले असते? मला तरी ते पान नको आहे. स्तानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’मध्येही (१९६१) परग्रह व्यापून असलेला तो सजीव भासणारा महासागर काय आहे, हे शेवटपर्यंत समजत नाही, पण त्याच्या अभ्यासासाठी गेलेल्या केल्विनने तिथे थांबायचे ठरवलेले असते. या दोन्ही कादंबऱ्यांना त्यांच्या लेखकांनी उत्तरभाग जोडले नाहीत.

याच्या नेमकी उलट बाजू म्हणजे डॅन सिमन्स यांची ‘हायपेरियन’ (१९८९). यात्रेकरू आपापल्या कहाण्या सांगतात, त्यातली एकेक कहाणी अप्रतिम आहे, आणि ज्या थडग्यांपाशी त्यांचा फैसला व्हायचा त्यांच्या दिशेने सगळे गाणे म्हणत चालू लागतात तोच पुस्तक संपते. हा खुला शेवट नव्हे. एकाच मोठ्या कथेचे दोन खंड केलेले आहेत आणि ‘द फॉल ऑफ हायपेरियन’ हा दुसरा खंड पुढच्याच वर्षी आला. तो हाताशी ठेवूनच पहिला वाचायला घ्यावा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते सांगायचे तर ‘रामा’चे पुढचे भाग मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यांत माणसांच्या वस्तीतले कलह, कुटुंबे आणि सत्तेची भांडणे यांनी बरीच पाने व्यापली आहेत आणि या यानांमागचा हेतूही अखेर सांगून टाकला आहे. पहिल्या पुस्तकाचा सगळा दरारा ज्या तटस्थतेत होता ती तटस्थता त्या खुलाशाने नाहीशी होते.

ग्रंथकीटक

त्रयस्थ यांची कसोटी स्वतंत्रपणे लिहिलेल्या कादंबऱ्यांना चांगली लागू पडते, पण या वाङ्मयप्रकाराचा मोठा हिस्सा मुळात मासिकांत वाढला आहे, हे विसरून चालणार नाही. तिथे शेवट उघडा ठेवणे ही पुष्कळदा पोटापाण्याची सोय असे आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’चे उदाहरण घ्या. दीर्घिकेभर पसरलेले साम्राज्य कोसळणार हे ओळखून हॅरी सेल्डन हा गणिती हजार वर्षांत दुसरे साम्राज्य उभे करण्याची योजना आखतो आणि तिच्यासाठी दोन ‘फाउंडेशन’ स्थापतो, त्यांतले दुसरे गुप्त. या मालिकेची पहिली कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या मे १९४२ च्या अंकात आली. तिच्या शेवटी नगराध्यक्ष साल्व्हर हार्डिन याला संकटावरचा उपाय सापडतो, तो उपाय अगदी उघड आहे असेही तो मनाशी म्हणतो, आणि तो वाचकाला न सांगताच कथा संपते. ही निव्वळ चलाखी होती, आणि असिमोव्ह यांनी ती पुढे मोकळेपणाने सांगूनही टाकली. कथा अशी संपवली की संपादक जॉन कॅम्पबेल यांना पुढची कथा घ्यावीच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. गंमत अशी की, पुढची कथा लिहायला बसल्यावर त्यांचेच घोडे अडले. अखेर ब्रुकलिन पुलावर मित्र आणि सहव्यावसायिक फ्रेडरिक पोल यांच्याशी बोलणे झाल्यावर गाडी पुढे सरकली आणि जूनच्या अंकात उत्तर छापून आले. वाचकाने एक महिना कळ काढायची आणि लेखकाला मानधनाचा दुसरा धनादेश मिळायचा, असा तो रोखठोक व्यवहार होता.

काही वर्षांनी बाजू उलटली. प्रत्येक नव्या कथेत मागचा सगळा इतिहास कुठेतरी कोंबावा लागत असल्यामुळे असिमोव्ह या मालिकेला कंटाळले. दुसऱ्या फाउंडेशनचे रहस्य उलगडून ती बंद करावी, या विचाराने त्यांनी एक कथा लिहिली, तर कॅम्पबेल यांनी शेवट बदलायला लावला आणि आणखी एक कथा लिहिण्याचे वचन घेतले. म्हणजे पहिल्या वेळी लेखकाने दार मुद्दाम उघडे ठेवले आणि या वेळी लेखक दार लावून घेत असताना संपादकाने त्यात पाय अडकवला. शेवटच्या कथेत आर्केडी नावाच्या मुलीचा शाळेसाठी लिहिलेला निबंध येतो तो का येतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल. मागील कथासूत्र सांगण्याचे कंटाळवाणे काम त्या निबंधावर सोपवले आहे, आणि माझ्या मते मालिकेतला तो सर्वांत हसरा भाग आहे.

आता त्रयस्थ यांच्या कसोटीने पाहिले तर १९५३ साली तीन पुस्तके पुरी झाली तेव्हा ‘फाउंडेशन’ संपली होती की नव्हती? हजार वर्षांच्या योजनेपैकी जेमतेम चारशे वर्षेच सांगून झाली होती. दुसरे साम्राज्य उभे राहिलेले कोणी पाहिले नाही. तरीही तीन दशके वाचकांनी ती त्रयी पूर्ण मानली, कारण योजना मार्गावर आली आहे एवढे त्यांना कळले होते आणि उरलेली वर्षे ज्याची त्याने कल्पनेने भरून काढली होती. प्रकाशकांच्या आग्रहावरून ‘फाउंडेशन्स एज’ १९८२ साली आली तेव्हा ती खपाच्या यादीत झळकली आणि तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मला ती आवडते. मात्र तिने एक गोष्ट केली, ती अशी की ज्या योजनेच्या यशावर पहिली त्रयी उभी होती ती योजनाच कथेतल्या एका माणसाच्या निवडीपुढे दुय्यम ठरवली. उत्तरभागाने मागच्या पुस्तकाला काहीतरी जोडणे वेगळे आणि मागच्या पुस्तकाचा पायाच बदलणे वेगळे.

कक्षाभ्रष्ट

मला त्रयस्थ यांचे म्हणणे अर्धेच पटते. पात्रांचा पेच सुटला की कादंबरी पूर्ण झाली, हा निकष सामाजिक कादंबरीसाठी ठीक आहे, पण विज्ञान कादंबरीत कल्पिलेले जग हेही एक पात्रच असते आणि कित्येकदा तेच नायक असते. ‘रामा’ वाचताना नॉर्टनच्या मनाचे काय झाले, याची चिंता किती वाचक करतात? आपण ते यान पाहायला गेलेलो असतो. तेव्हा जगाबद्दल पडलेला प्रश्न निव्वळ माहितीचा म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही.

माझे उदाहरण लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०). एका ताऱ्याभोवती एक सलग कडे बांधलेले आहे. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे साधारण तितकीच त्याची त्रिज्या आहे, रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर आहे, आतल्या पृष्ठभागावर जमीन आणि समुद्र आहेत, आणि कड्याच्या फिरण्यामुळे तिथे पृथ्वीइतकेच वजन जाणवते. हे बांधले कोणी, ते कादंबरीत कळत नाही आणि नायक कसाबसा तिथून सुटतो. आता वाचकांनी काय केले ते पाहा. काहींनी कागदपेन्सिल घेऊन आकडेमोड केली आणि दाखवून दिले की, हे कडे जागेवर टिकणारच नाही. ग्रहाला हलका धक्का बसला तर त्याची कक्षा किंचित बदलते, एवढेच होते. सलग कडे मात्र एका बाजूला जरासे जरी सरकले, तरी ताऱ्याच्या जवळ आलेल्या भागावरची ओढ वाढते, कडे त्याच बाजूला आणखी सरकते, ओढ आणखी वाढते, आणि शेवटी ते ताऱ्याला जाऊन घासते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शनीच्या कड्यांबद्दल हेच सिद्ध केले होते; एकसंध घन कडे टिकू शकत नाही, म्हणून ती कडी सुट्या कणांचीच असली पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७१ सालच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी रिंगवर्ल्ड अस्थिर असल्याच्या घोषणा दिल्या, तो किस्सा निव्हन यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे.

निव्हन यांचा उत्तरभाग लिहिण्याचा विचार नव्हता. ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’ १९७९ साली आली ती बऱ्याच अंशी या वाचकांमुळे. तिच्यात कडे खरोखरच केंद्रापासून सरकू लागलेले असते, कारण ते जागेवर राखणारी इंजिने कड्याच्या काठावरून काढून नेलेली असतात, आणि या एका दुरुस्तीतून अब्जावधी जीवांच्या मरणाचा प्रश्न उभा राहतो. वाचकांनी काढलेली खोड कथेचे इंधन झाली! पहिल्या पुस्तकाचा शेवट बंद असता तर हे झाले नसते. खुल्या शेवटाचा हाही एक उपयोग आहे, आणि तो विज्ञान कादंबरीलाच साधतो, कारण तिथे वाचक लेखकाचा हिशेब तपासू शकतो.

शिवाय उत्तरभागाने पहिल्या पुस्तकाशी शब्दशः इमान राखले पाहिजे, हा हट्ट तरी कशाला? क्लार्क यांच्याच ‘२००१’ या कादंबरीत (१९६८) यान शनीकडे जाते, तर त्याच नावाच्या चित्रपटात गुरूकडे. पुढची ‘२०१०’ लिहिताना (१९८२) त्यांनी सरळ चित्रपटातला गुरू पत्करला, कारण मधल्या काळात, १९७९ साली, व्हॉयेजर यानांनी गुरूच्या चंद्रांची अशी काही छायाचित्रे पाठवली होती की, ती जगे सोडून शनीकडे जाणे वेडेपणाचे ठरले असते. आधीच्या पुस्तकाशी फारकत झाली तर झाली. मला त्यात गैर काही दिसत नाही.

त्रयस्थ

‘रिंगवर्ल्ड’चे उदाहरण नेमके आहे आणि मला त्यात माझ्या म्हणण्याला छेद गेलेला दिसत नाही. उत्तरभागाने कड्याच्या स्थैर्याचा प्रश्न घेतला तो पहिल्या पुस्तकात विचारलेलाच नव्हता; तो वाचकांनी बाहेरून आणला, आणि त्यातून पात्रांपुढे नवा पेच उभा राहिला. असे उत्तरभाग मला हवेच आहेत. याच पुस्तकात कड्याचे निर्माते कोण, याचेही उत्तर देऊन टाकले आहे आणि ते उत्तर मला प्रश्नापेक्षा लहान वाटले. पुस्तक जगले ते पहिल्या कारणामुळे.

मार्गारेट ॲटवूड यांनी हेच अधिक सावधपणे केले आहे. ‘द हँडमेड्स टेल’च्या (१९८५) शेवटी स्त्रियांना गुलाम करणाऱ्या राजवटीत अडकलेली निवेदिका एका गाडीत चढते, ती सुटकेकडे जाते की मृत्यूकडे ते समजत नाही, आणि उपसंहारात २१९५ सालचे विद्वान तिच्या ध्वनिफितींवर परिसंवाद घेताना दिसतात. चौतीस वर्षांनी ‘द टेस्टामेंट्स’ आली, पण ती त्या गाडीमागे धावली नाही. तिने निवेदक बदलले आणि राजवटीतल्या ज्या अधिकारी बाईला, आंट लिडियाला, आपण बाहेरूनच पाहिले होते तिच्या तोंडून ती राजवट आतून कशी पोखरली गेली, ते सांगितले. पहिल्या निवेदिकेच्या नशिबाबद्दल शेवटी थोडेसे सुचवले आहे. तेवढेही नसते तरी चालले असते, असे मला वाटते.

दीर्घिका

सर्वांचे आभार. कोडे आणि पेच यांतला फरक मला उपयोगी पडेल, आणि कक्षाभ्रष्ट यांचे म्हणणे वाचून ‘रिंगवर्ल्ड’ यादीत आली आहे. ‘रामा’चे पुढचे भाग सध्या तरी मी बाजूला ठेवते.

यातून आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहतात. लेखकाच्या मृत्यूमुळे एखादी मालिका उघडी राहिली आणि ती दुसऱ्या कोणी पुरी केली, तर ती पूर्ती वाचावी का? ‘ड्यून’ मला वाचायची आहे म्हणून हे विचारते. आणि ‘फाउंडेशन’मध्ये पुढे पूर्वकथाही लिहिल्या गेल्या आहेत असे दिसते; त्या कथानकातल्या कालक्रमाने आधी वाचाव्यात की प्रकाशनाच्या क्रमाने शेवटी?

ग्रंथकीटक

‘ड्यून’पासून सुरुवात करतो. फ्रँक हर्बर्ट यांची पहिली कादंबरी १९६५ सालची. तिच्या शेवटी नायक पॉल विजयी होतो, पण त्याच्या नावाने विश्वभर होऊ घातलेला संहार आपण आता थोपवू शकत नाही, हेही त्याला दिसत असते. हा शेवट विजयाचा वाटला तर ‘ड्यून मसाया’ (१९६९) अवश्य वाचा, कारण पहिल्या पुस्तकातल्या वीरपूजेचा हिशेब ती चुकता करते. पहिली कादंबरी पुरी होण्याआधीच पुढच्या दोन भागांतला काही मजकूर लिहून झाला होता, असे हर्बर्ट यांनी सांगितले आहे. म्हणजे हा उत्तरभाग मागाहून चिकटवलेला नाही. सहावी कादंबरी ‘चॅप्टरहाउस’ १९८५ साली आली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये हर्बर्ट गेले. तिच्या शेवटी काही पात्रे कोणालाही माग काढता येणार नाही अशा यानातून अज्ञात अवकाशात निसटतात आणि एक म्हातारे जोडपे बागेतून हे सगळे पाहत असते. ते जोडपे कोण, हे सांगायचे राहून गेले. २००६ आणि २००७ साली मुलगा ब्रायन हर्बर्ट आणि केविन जे. अँडरसन यांनी दोन कादंबऱ्या लिहून कथा पुरी केली. मागे राहिलेल्या आराखड्याचा आधार घेतल्याचे ते सांगतात.

माझा सल्ला असा की, पहिल्या दोन एका दमात वाचाव्यात, गोडी लागली तर चौथीपर्यंत जावे, आणि सहावीनंतर काही काळ थांबावे. काय घडले असेल, याची उत्सुकता तेवढी उरलेली असेल तर पूर्ती वाचायला हरकत नाही. तिच्यात घटनाक्रम मिळतो. वडिलांचे राजकारण, धर्म आणि परिसंस्था यांवरचे चिंतन तिच्यात शोधू नये. त्रयस्थ यांच्या भाषेत सांगायचे तर कोडे दुसऱ्याला सोडवता येते, पेच ज्याने मांडला त्यालाच तो सोडवावा लागतो.

‘फाउंडेशन’ मात्र निःसंशय प्रकाशनाच्या क्रमाने वाचावी. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी सगळ्या इतिहासामागे कोणाचा हात होता, ते उघड होते आणि ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ (१९८८) या पूर्वकथेत तेच गुपित आधी फुटते. कालक्रमाने वाचलेत तर पाचव्या पुस्तकाचा शेवट फुकट जाईल. वेळ असेल तर चौथे आणि पाचवे पुस्तक यांच्यामध्ये असिमोव्ह यांच्या यंत्रमानवांवरच्या चार कादंबऱ्या वाचून घ्याव्यात, निदान ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४) आणि ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ (१९८५) तरी. पृथ्वी किरणोत्सारी का झाली, हे ‘रोबॉट्स अँड एम्पायर’मध्ये आहे.

पाचव्या पुस्तकाचा शेवट तुमच्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळ जातो, म्हणून थोडे सांगतो. ‘फाउंडेशन्स एज’मध्ये ती निवड करणारा ट्रेव्हाइझ आपल्या निवडीचे कारण अखेर शोधून काढतो: दुसऱ्या दीर्घिकांतून कधीतरी परके शत्रू येऊ शकतात, म्हणून मानवजात एकजीव असायला हवी. ते अजून आलेले नाहीत, असे तो स्वतःला बजावतो आणि त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या फॅलमच्या नजरेला नजर द्यायचे टाळतो. फॅलम मानववंशातलेच पण पार बदलून गेलेले मूल आहे. असिमोव्ह यांनी या क्षणापुढचे काही कधी लिहिले नाही. ते काळात मागे गेले, दोन पूर्वकथा लिहिल्या, आणि त्यांतली दुसरी ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ त्यांच्या निधनानंतर १९९३ साली निघाली. त्यानंतर ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्याही हॅरी सेल्डनच्या काळातल्याच आहेत. त्यामुळे फॅलमचे पुढे काय झाले, हे शोधण्यासाठी त्या घेऊ नयेत.